माशांचे बिऱ्हाड

नोकरीत बदली झाली की घर हलते. भांडी पोत्यात जातात, पुस्तके खोक्यात जातात, कपाटे टेंपोत चढतात. अडते ते काचेच्या टाकीतल्या माशांपाशी. समजा, इंदापुरातले एक कुटुंब बारामतीला राहावयास जात आहे. अंतर पन्नासएक किलोमीटर. टेंपोला दीड-दोन तास पुरेत. टाकीत दहा गप्पी, चार मॉली, दोन एंजल आणि दोन गौरामी. मासे पिशवीतून नेले, सगळे जिवंत पोहोचले आणि घरातल्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. टाकी स्वच्छ धुतली, वाळूही घासून काढली, नळाचे ताजे पाणी भरले आणि मासे सोडले. चार दिवस बरे गेले. मग एकेक मासा पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडमीट करू लागला आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत निम्मी टाकी रिकामी झाली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “नवं पाणी मानवलं नाही.”

माणसांच्या बाबतीतही आपण असेच म्हणतो. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारावयास हवा. पाणी मानवले नाही म्हणजे नेमके काय झाले? प्रवासात न दगावलेले मासे घरी पोहोचल्यावर का दगावले? या प्रश्नाचे उत्तर सापडले की मासे कसे हलवावेत याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

माशाचा श्वास आणि थोडे गणित

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो हे तुम्हांला ठाऊक आहे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनशी बांधला गेलेला प्राणवायू त्याच्या उपयोगाचा नसतो. हवेतून पाण्यात जो विरघळतो तेवढाच त्याला मिळतो, आणि तो फारच थोडा असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी ३० अंशांपर्यंत तापले की हा आकडा साडेसातवर उतरतो. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. बारामती व इंदापूर पाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहेत, म्हणून तेथे तो आणखी थोडा कमी. म्हणजे उन्हाळ्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा घटतो.

आता हवेचा हिशेब पाहू. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. ३० अंश तापमानाला एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम भरतो. म्हणजे तेवढ्याच पाण्यातील प्राणवायूच्या ३६ पट!

सहा लिटर मावतील अशी एक प्लॅस्टिकची पिशवी घ्या. तीत एकूण २० ग्रॅम वजनाचे मासे न्यावयाचे आहेत आणि त्यांना ताशी १० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो असे धरू. मासे घाबरले की याहून जास्त लागेल.

पहिली रीत : “मासा पाण्यात राहतो, तेव्हा पाणी भरपूर हवे” असे म्हणून पिशवी काठोकाठ भरली. प्राणवायू झाला ६ गुणिले ७.५, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. कागदावर हा साडेचार तास पुरेल. प्रत्यक्षात त्यातला निम्मा संपण्याच्या सुमारासच मासे धापा टाकू लागतात.

दुसरी रीत : दोन लिटर पाणी घेतले आणि वर चार लिटर हवा ठेवून तोंड बांधले. पाण्यात १५ आणि हवेत १,०८०, मिळून १,०९५ मिलिग्रॅम प्राणवायू झाला.

पाणी एक-तृतीयांश केले आणि प्राणवायूचा साठा चोवीस पटींनी वाढला! दुकानदार पिशवीत पाणी थोडे आणि हवा फार का ठेवतो, ते आता कळले. तो पाण्याची काटकसर करीत नाही. माशांची शिदोरी बांधून देतो.

ही शिदोरी हवेतून पाण्यात उतरावी लागते आणि ती उतरते पाण्याच्या पृष्ठभागातून. म्हणून पिशवी खोक्यात उभी न ठेवता आडवी ठेवावी, म्हणजे पृष्ठभाग वाढतो. रस्त्यावर टेंपोला जे हिसके बसतात त्यांनी पाणी डुचमळते आणि प्राणवायू मिसळण्यास मदतच होते. गौरामी आणि फायटर या माशांची तर वरच्या हवेवाचून सुटकाच नाही. त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक खास अवयव असतो. ते अधूनमधून वर येऊन तोंडाने हवा घेतात. पिशवीत हवेला जागाच नसेल तर हे मासे पाण्यात असूनही गुदमरतात.

हंडीपासून पिशवीपर्यंत

जिवंत मासे दूर नेण्याची विद्या हौशी लोकांनी शोधलेली नाही. ती मत्स्यव्यवसायातून आली आहे आणि तुमच्या परिसराशी तिचा जवळचा संबंध आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले आणि काठची कित्येक गावे उठून नव्या जागी वसली. पळसदेवचे जुने देऊळ या पाण्याखाली गेले. जलाशय फार आटला की ते अजून वर दिसते. या नव्या जलाशयात कटला, रोहू आणि मृगळ हे मासे वाढविण्यात आले. हे तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. म्हणजे माणसांचे बिऱ्हाड उठले आणि त्याच पाण्यात माशांचे बिऱ्हाड येऊन वसले!

बंगालमधून हे मत्स्यबीज देशभर जात असे, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या नव्हत्या. पिल्ले मातीच्या हंड्यांतून रेल्वेने नेत. बरोबरचा माणूस प्रवासभर हंडी हलकेच हलवीत राही. हंडी हलली की पाण्यात हवा मिसळे. मातीच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी बाष्प होऊन उडे आणि माठातल्याप्रमाणे आतले पाणी गार राही. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, हे आपण वर पाहिलेच. पुस्तकी हिशेब न करता त्या लोकांनी अनुभवातून दोन्ही गोष्टी साधल्या होत्या.

पुढे १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची अंडी तळ्यात मिळविली. त्यामुळे मत्स्यबीज ठिकठिकाणी तयार होऊ लागले. १० जुलै हा दिवस त्यामुळेच राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. बीज नेण्यासाठी हंडीच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आली. तीत एक भाग पाणी आणि दोन भाग शुद्ध प्राणवायू भरून तोंड घट्ट बांधतात. हवेऐवजी शुद्ध प्राणवायू घेतला की शिदोरी आणखी जवळजवळ पाचपट होते. आणखी एक गोष्ट हे लोक कटाक्षाने पाळतात : बीज पाठविण्यापूर्वी काही तास पिल्लांना खाऊ घालीत नाहीत. हे का, ते आता पाहू.

पिशवीतला दुसरा धोका

प्राणवायूची सोय झाली, तरी मासा श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतच असतो. शिवाय त्याच्या शरीरात प्रथिनांच्या पचनातून अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटेच पाण्यात उतरतो. आपल्या शरीरात त्याच अमोनियाचा युरिया होतो आणि मूत्रावाटे जातो. माशाला एवढा खटाटोप करावा लागत नाही, कारण त्याच्याभोवती पाणीच पाणी असते. बंद पिशवीत मात्र हे पाणी थोडे. उपाशी माशाच्या शरीरातून अमोनिया कमी येतो आणि विष्ठेने पाणीही नासत नाही. म्हणून प्रवासापूर्वी एक दिवस अन्न बंद. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस सहज उपाशी राहू शकतो, तेव्हा यात क्रूरपणा नाही.

आता रसायनशास्त्रातील एक मौज पाहा. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप अमोनिया वायूचे. तो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि फार विषारी असतो. दुसरे रूप अमोनियम आयनाचे. ते त्या मानाने निरुपद्रवी. दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. ३० अंश तापमानाला एकूण अमोनियाचे हजार भाग केले, तर त्यांतील विषारी भाग असे पडतात :

सामू ६.५ असताना सुमारे अडीच.
सामू ७ असताना सुमारे आठ.
सामू ८ असताना सुमारे पंचाहत्तर.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होते आणि सामू खाली येतो. म्हणजे बंद पिशवीत माशाच्या एका टाकाऊ पदार्थामुळे दुसऱ्याचे विष बोथट होते. पण पिशवी उघडून तशीच ठेवली, तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू वर चढतो आणि तोच अमोनिया तीसपटीपर्यंत घातक होऊ शकतो! म्हणजे पिशवी बांधली असेतो सुखरूप असलेले मासे ती उघडल्यावर धोक्यात येतात.

इंदापूर ते बारामती हा प्रवास दोन तासांचा. मासे थोडे आणि उपाशी असतील तर एवढ्या वेळात फारसा अमोनिया साठत नाही. परंतु दिवस-दोन दिवसांच्या प्रवासाने आलेल्या माशांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. दोन्ही ठिकाणी नियम एकच : पिशवी बंद असतानाच तापमान जुळवून घ्यावे, उघडल्यावर रेंगाळू नये, आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक मिळेल. त्याचा रंग सामू ६ च्या खाली पिवळा, ७.६ च्या वर निळा आणि मध्ये हिरवा असतो.

१. काचेच्या पेल्यात अर्धा पेला नळाचे पाणी घ्या व दर्शकाचे काही थेंब टाका. आपल्याकडचे पाणी बहुधा निळा रंग दाखवील.
२. शीतपेयाच्या नळीने त्यात हलकेच फुंकत राहा. पाणी तोंडात ओढू नका. तुमच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे रंग हिरवा आणि पुढे पिवळसर होईल. पाणी फार जड असेल तर जास्त वेळ फुंकावे लागेल, किंवा त्यात ऊर्ध्वपातित पाणी मिसळून घ्यावे.
३. आता हेच पाणी दोन बाटल्यांत घाला. एक काठोकाठ भरून झाकण लावा. दुसऱ्या उघड्या बाटलीत माशांच्या टाकीचा हवेचा पंप सोडा.

बंद बाटलीचा रंग तसाच राहील. उघडी बाटली पुन्हा निळी होऊ लागेल. माशांची पिशवी उघडल्यावर काय होते, ते तुम्ही मासा न वापरता डोळ्यांनी पाहिलेत.

टाकीतले न दिसणारे बिऱ्हाडकरू

इतके सारे सांभाळले, तरी आपल्या सुरुवातीच्या कुटुंबाचे मासे दुसऱ्या आठवड्यात का दगावले, हे कोडे उरतेच. त्याचे उत्तर उसाच्या फडात आहे.

बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांना उसाला घातलेला युरिया माहीत आहे. जमिनीत युरियापासून अमोनिया होतो. मग एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट पिकांची मुळे शोषून घेतात. नेमके हेच काम माशांच्या टाकीत चालते. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत माशांना सोसते. नायट्राइट रक्तात गेले की हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्यास निकामी होते, रक्त तपकिरी पडते आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही मासा वर येऊन तोंड उघडमीट करू लागतो. आठवले? हेच लक्षण त्या कुटुंबाने पाहिले होते.

टाकी आणि शेत यांचे हे नाते एका घराण्यातही गुंफले गेले आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलता टाकी टिकविली आणि १८५० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासातील हा एक पायाचा दगड. त्यांचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, पुढे रोदॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करू लागला. जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्प्यांचे जीवाणू वेगवेगळे असतात, हे त्याने दाखविले. ते जीवाणू वेगळे काढून वाढविण्याचे यश मात्र सेर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाला १८९० च्या सुमारास मिळाले. वडिलांच्या टाकीत जे काम गुपचूप चालले होते, त्याचा मागोवा मुलाने शेतात घेतला!

पहिल्या टप्प्याच्या जीवाणूंत नायट्रोसोमोनास हे नाव प्रसिद्ध आहे. दुसऱ्या टप्प्यासाठी जुन्या पुस्तकांत नायट्रोबॅक्टरचे नाव असे. माशांच्या टाकीत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, असे नंतरच्या संशोधनात आढळले. हे जीवाणू सुट्या पाण्यात थोडे असतात. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. गाळणीचा स्पंज, तळाची वाळू, दगड, काचेवरचा बुळबुळीत थर ही त्यांची घरे. त्यांची वाढ फार सावकाश होते. दुधाचे दही लावणारे जीवाणू रात्रीत पसरतात, पण यांचा संसार थाटायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता कोडे सुटले. त्या कुटुंबाने टाकी घासून धुतली, वाळू स्वच्छ केली, स्पंज नळाखाली पिळून उन्हात वाळविला. मासे नेले, पण त्यांची घाण निस्तरणारे बिऱ्हाडकरू मारून टाकले. नव्या घरात पहिल्या दिवसापासून अमोनिया साठत गेला, मग नायट्राइट. विष हळूहळू चढले, म्हणून मासेही पाच-सहा दिवसांनी आजारी पडले. दोष नव्या पाण्याचा होताच असे नाही. जुने जीवाणू सोबत नव्हते.

पाणी बदलते म्हणजे काय बदलते?

तरी नव्या पाण्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. त्यात तीन गोष्टी वेगळ्या असू शकतात.

पहिली क्लोरीन. नगरपरिषदेच्या पाण्यात जंतुनाशासाठी क्लोरीन असतो. तो कल्ल्यांना भाजतो आणि आपल्या उपकारी जीवाणूंनाही मारतो. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवले, किंवा पंपाने त्यात हवा सोडली, की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दहा लिटर पाण्याला हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा एक बारीक खडा पुरतो. छायाचित्रे धुताना पूर्वी हेच वापरीत.

दुसरी गोष्ट क्षार. बारामती शहराला नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते. पण गावाबाहेरच्या नव्या वस्तीत पुष्कळदा बोअरचे पाणी असते. बेसाल्ट खडकातून मुरत आलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. बागायती भागात इतर क्षारही वाढलेले असतात. दोन्ही घरच्या पाण्यात साबण कसा फेसाळतो ते पाहा. साधी पण बोलकी परीक्षा आहे. मनुका पाण्यात टाकली की फुगते, तसे परासरणाने गोडे पाणी माशाच्या शरीरात सतत शिरत असते आणि त्याची मूत्रपिंडे ते बाहेर टाकीत असतात. बाहेरच्या पाण्यातील क्षार एकाएकी बदलले की हा तोल सांभाळताना माशाची दमछाक होते. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी मानवते. मूळच्या ॲमेझॉन खोऱ्यातील एंजल आणि टेट्रा यांना मऊ पाणी अधिक रुचते. सवय मात्र दोघांनाही लागते, फक्त वेळ द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट तापमान. मासा शीतरक्ताचा, त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. उष्ण प्रदेशातील माशांना २४ ते २८ अंशांचे पाणी बरे. चार-पाच अंशांचा एकदम फरक त्यांना धक्का देतो.

हलविण्याची रीत

आता सारे नियम आपोआप सुचतात. क्रमाने लिहून काढू.

१. आठ दिवस आधी : दोन्ही घरच्या पाण्याची परीक्षा करा. एका वेळी पाव टाकी, असे एक-दोनदा पाणी बदला. आता नवे मासे आणू नका, वाळू उपसू नका, स्पंज धुऊ नका.

२. आदल्या दिवशी : अन्न बंद. नव्या घरी बादल्यांत पाणी भरून उघडे ठेवण्याची व्यवस्था करा.

३. टाकी भरलेली उचलू नका : ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच टाकीत ५४ लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचे वजन ५४ किलोग्रॅम. वाळू-दगड धरून ते सत्तरच्या घरात जाते. उचलताना तळ किंचित वाकला तरी काचेचे सांधे उलतात.

४. निम्मे जुने पाणी न्या : मासे काढण्यापूर्वीच वरचे स्वच्छ पाणी डब्यांत भरून घ्या. डबे साबणाचे किंवा औषधांचे नसावेत. जुन्या पाण्यात जीवाणू फार नसले, तरी क्षार व सामू ओळखीचे असतात.

५. स्पंज आणि वाळू ओली ठेवा : स्पंज न धुता, थोड्या टाकीच्याच पाण्यासह, भरपूर हवा ठेवून पिशवीत घाला. पूर्ण बुडवून गच्च झाकण लावू नका. या जीवाणूंनाही प्राणवायू लागतो. वाळू ओलसर ठेवून बादलीत झाकून न्या. तळाचा काळा, कुजकट वासाचा गाळ मात्र टाकून द्या.

६. मासे सर्वांत शेवटी भरा : दुहेरी पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग हवा. पिशवीचे खालचे कोपरे रबराने बांधा, म्हणजे लहान मासे कोपऱ्यात चेंगरत नाहीत. एंजल आणि गप्पी वेगळ्या पिशव्यांत. भांडकुदळ मासा एकटा. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात आडव्या ठेवून झाकण लावा. तापमान टिकते आणि अंधारात मासे शांत राहतात. शांत मासा प्राणवायू कमी वापरतो.

७. वेळ निवडा : उन्हाळ्यात भल्या पहाटे निघा. खोके टेंपोच्या हौद्यात सामानाबरोबर उन्हात ठेवू नका. पुढे चालकाशेजारी, सावलीत ठेवा. हिवाळ्याच्या पहाटे मात्र गारठ्यापासून जपा.

८. नव्या घरी टाकी सर्वांत आधी लावा : वाळू, जुने पाणी, मग क्लोरीन काढलेले थोडे नवे पाणी, आणि लगेच स्पंज व पंप सुरू. दिवा लावू नका. बंद पिशव्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवा. मग उघडून मासे जाळीने टाकीत सोडा.

९. पुढील दोन आठवडे : पहिल्या दिवशी अन्न नाही, नंतर नेहमीच्या निम्मे. उरलेली टाकी नव्या पाण्याने एकदम न भरता रोज थोडीथोडी भरा. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची साधने दुकानात मिळतात. शाळेच्या टाकीसाठी ती घेऊन ठेवण्यासारखी आहेत. विष दिसले किंवा मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर पाव टाकी पाणी रोज बदला.

जे मासे न्यावयाचे नाहीत त्यांचे काय?

घर हलविताना मोठा झालेला किंवा नकोसा मासा “जाऊ दे, जगेल बिचारा” म्हणून कालव्यात किंवा उजनीच्या पाण्यात सोडण्याचा मोह होतो. ही दया महाग पडते. भिगवणला चवीने खाल्ली जाणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली. ती भारतात १९५२ साली आणली गेली आणि इतकी पसरली की आज तिला पाहुणी म्हणावे असे कोणास वाटतही नाही. टाकीची काच साफ करणारा, अंगावर चिलखत असलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा तर हौशी लोकांच्या टाक्यांतूनच जगभरच्या नद्यांत गेला. तो उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही सापडू लागला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. एका मुलाची टाकी रिकामी होते, पण त्याचे नुकसान नदीकाठच्या कुटुंबांना सोसावे लागते. नको असलेला मासा मित्राला द्या, शाळेच्या टाकीत द्या, दुकानदाराला परत करा. वाहत्या पाण्यात कधीही सोडू नका. टाकीतल्या पाणवनस्पतींनाही हाच नियम.

बिऱ्हाड हलवावयाचे म्हणजे मासे, त्यांच्या ओळखीचे पाणी आणि त्यांच्यामागे झाडलोट करणारे जीवाणू, तिघांनाही एकत्र हलवावयाचे. यांपैकी डोळ्यांना दिसतात ते फक्त मासे. म्हणून उरलेल्या दोघांची आठवण ठेवणे हे आपले काम.

विचार करा

१. नऊ लिटरच्या पिशवीत तीन लिटर पाणी व सहा लिटर हवा आहे. ३० अंश तापमानाला तीत एकूण प्राणवायू किती असेल? पिशवी काठोकाठ पाण्याने भरली असती तर किती असता?

२. स्पंज उन्हात वाळवून नेला आणि निम्मे जुने पाणी मात्र काळजीने नेले. मासे वाचण्याची शक्यता वाढेल की फारसा फरक पडणार नाही? कारण सांगा.

३. नव्या घरच्या पाण्याचा सामू ८.२ आहे आणि जुन्या टाकीच्या पाण्याचा ७. टाकीत थोडा अमोनिया असताना सारे पाणी एकदम बदलणे धोक्याचे का?

४. उसाच्या शेतात पाणी साचून राहिले की युरियाचा उपयोग नीट होत नाही. गच्च झाकलेल्या बाटलीतील स्पंजाशी या गोष्टीचा काय संबंध आहे? घरी शेती असेल तर मोठ्यांना विचारा आणि वर्गात चर्चा करा.